गिरज्याची उत्तरेकडची भिंत

मंगळवारी दुपारी आम्ही दोघांनी गोधडी पिळली. जुन्या लुगड्यांची, चार पदरी; ओली झाली की एकट्याच्यानं उचलत नाही. माझ्या बायकोनं, मार्थानं, एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ दिला. पाणी सगळं तिच्या पायावर पडलं. ती म्हणाली, "जोर लावा ना जरा. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, त्या कुठं गेल्या?" मी म्हटलं, "तुयाच हातच्या होत्या, तूच इचार त्याईले." मग गोधडी दोरीवर टाकली, दोरी खाली लोंबली म्हणून मी बांबूचा टेकू दिला, आणि आम्ही चहा प्यायलो. बुधवारी पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेली. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. रडणं ज्याचं त्यानं घरात करावं, कागदावर करू नये.

मी सातवीतून उठलेला माणूस. सारा जन्म गवंडीकाम केलं. पोरं म्हणायची, बाबा, तुमच्या लहानपणाचं लिहा. बाकीचं मी लिहिलं, ते मागं आलंच आहे. हे प्रकरण मात्र मी टाळत होतो. यात आमच्या गिरज्याची एक भिंत आहे.

गाव आमचं कापसाचं. हिंगणघाटच्या रस्त्यावर जिनिंगचे शेड, त्यांच्या मागं गिरजा. आता सगळे चर्च म्हणतात, जुने लोक गिरजाच म्हणायचे. काळ्या दगडाची, हातभर जाडीची भिंत, वर कवेलूंचं छप्पर, दाराशी एक कडुनिंब. गावाला वेळ कळायची ती दोन आवाजांनी, एक जिनाचा भोंगा आणि एक गिरज्याची घंटा. दोन्हींत कधी मेळ नसायचा. माझी आई जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकायची, ती भोंग्यावर चालायची. तिच्या केसांत बारा महिने रुई असायची. बाप मी लहान असतानाच गेलेला.

आमच्या गिरज्याची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. दरवर्षी गिरज्याच्या सणाच्या दिवशी मिस्साची प्रार्थना झाली की जेवणाआधी गिरज्याचा इतिहास वाचतात. लाल कापडी बांधणीची एक वही आहे. जागा मालगुजारानं आनंदानं दिली, असं त्यात पहिल्या पानावर आहे. आनंदानं दिली की कसं, ते देव जाणे. मग दगड कोणत्या नाल्यातून काढला ते येतं. घंटा वर्ध्यापर्यंत आगगाडीनं आली आणि पुढं बैलबंडीनं, मधे बंडीचा आरा मोडला आणि घंटा दोन दिवस एका शेतात पडून राहिली, त्या शेतवाल्यानं तिला हार घातला, हे येतं. कोणी बाकं दिली, कोणत्या फादरनं विहीर खोदली, सगळं. ज्या वर्षी काही घडतं, त्या वर्षी वहीत एक ओळ वाढते. वाचणारा वाचतो, आणि बाहेर चुलीवर चढलेल्या मटणाच्या गंजाचा वास सुटलेला असतो, त्यामुळं ऐकत कोणी नाही. पण ऐकत नाही म्हणता म्हणता पोरासोरांना सगळं पाठ होतं. मलाही आहे.

सतरा वर्षांचा असताना मी सायमनबाबांकडे कामाला लागलो. गिरज्याच्या भिंती सांभाळायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. ठेंगणा माणूस, डाव्या डोळ्यात लहानपणी चुना उडालेला, त्या डोळ्याला उजेड तेवढा समजायचा. घर गिरज्याच्या मागंच, अंगणात चुन्याचे दोन खड्डे आणि चुना दळायची घाणी. चुनखडी नदीकाठाहून आणायची, भाजायची, खड्ड्यात भिजवायची आणि मग महिनाभर नुसतं फावड्यानं फिरवत राहायचं, बाकी हात लावायचा नाही. महिन्यानं घाणीत वाळूसोबत दळायची. दगडी चाक बैल ओढायचा, त्याचा घर्रर्र आवाज दुपारभर चालायचा आणि त्या आवाजात मावशी, म्हणजे सायमनबाबांची बायको, भाकरी थापायची. चुन्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ पडायचा. गुळावरून रोज भांडण.

"भिंतीले गूळ अन् आमाले काळा चहा," मावशी म्हणायची. "त्या भिंतीसोबतच लगन लावाचं होतं मंग."

"लावलं असतं," बाबा म्हणायचे, "पण भिंत भाकर टाकत नाई."

मी दुपारी त्यांच्याकडेच जेवायचो. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं जवसाचं तेल. लसणाचा ठेचा पाट्यावरचा. आंबाडी नसेल तेव्हा लाखोळीच्या डाळीचं बेसन. माझ्या घरी आई भोंग्याला जायची, तिथं शिळ्या भाकरीचा कुस्करा असायचा, म्हणून खरं सांगायचं तर मी आधी तिथल्या जेवणासाठी टिकलो, कामासाठी नाही. मार्था त्यांची पोरगी, पण तिला तेव्हा मी नीट पाहिलंही नव्हतं. ती खड्ड्यातला चुना फिरवायची. चुन्यानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या आणि जेवणातलं तेल उरलं की मावशी तेच तिच्या हातांना चोळायची. मी भिंतीवर थापी मारत असलो की ती खालून ओरडायची, "थापी मारून राह्यला का माशा हाकलून राह्यला?" थापी म्हणजे चुन्याचं प्लास्टर ठोकायची लाकडी फळी. चुना हळूहळू धरतो, त्याला रोज ठोकावं लागतं, ओलं बारदान बांधून ठेवावं लागतं. सिमेंटला यातलं काही लागत नाही.

सगळ्यांत त्रासाची भिंत उत्तरेकडची. तिच्यावर ऊन पडत नाही, जमिनीचा ओलावा तिच्यात चढतो आणि खालच्या अंगाला मिठाचा लोणा धरतो. दरवर्षी दिवाळी झाली की तिचं प्लास्टर माणूसभर उंचीपर्यंत खरडायचं आणि नवा चुना लावायचा. मला ते मूर्खपणाचं वाटायचं. दरवर्षी लावायचं, दरवर्षी काढायचं. एकदा मी बाबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "भिंत आतलं पाणी बाहेर टाकते. चुना टाकू देते. तो झिजला म्हणजे भिंत वाचली. समजलं?" मी म्हटलं, समजलं. समजलं नव्हतं.

त्या वर्षी सणाला बिशप येणार होते. प्लास्टर खरडून झालं, आणि बाबांना टायफाइड झाला. त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मावशी आणि मार्था त्यांच्यासोबत गेल्या. जाताना मार्था मला म्हणाली, "मोठ्या खड्ड्यातला चुना मी आत्ताच फिरवला आहे. तू रोज फिरवजो. बाबा आल्याबिगर काढजो नको." मी घाणीजवळ एकटा उरलो, सोबत बैल. दोन-तीन दिवसांनी फादर सायकलवरून आले. उंच, कोरडा माणूस, एक पाय टेकवून सायकलवरूनच बोलायचे.

"फिलिप, भिंत सणापर्यंत होईल?"

नाही म्हणायला पाहिजे होतं. चुना आठ दिवसांचा होता. पण उस्ताद नसताना पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "होईल फादर."

तेव्हा जिनात नवं गोदाम बांधणं चालू होतं. तिथला मुकादम माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "अबे, कोणत्या जमान्यात राह्यते तुमी लोक? सिमेट घेऊन जाय. चार दिवसांत लोखंड होते." मी त्याच्याकडे दोन दिवस विटा वाहिल्या आणि उरलेली पोती बंडीत टाकून आणली. उत्तरेची भिंत मी आतून-बाहेरून खांद्याच्या वर जाईल इतकी सिमेंटनं बंद करून टाकली. गुळगुळीत. वरून चुन्याच्या निवळीचे तीन हात मारले. पांढरी झाली, कोणाला ओळखू आली नाही. मोठ्या खड्ड्यातला चुना मी रोज काय, एकदाही फिरवला नाही. बिशप आले, त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि फादरला काहीतरी चांगलं बोलले. फादरनं माझ्याकडे बोट दाखवलं. आज लाज वाटते म्हणून तेव्हाही वाटत होती असं लिहिणार नाही. तेव्हा छाती फुगली होती.

बाबा काठी टेकत परत आले ते सरळ भिंतीपाशी गेले. बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. चुन्याची भिंत भद्द वाजते. ही टण् वाजली. मग ते घरी आले आणि खुंटीवरची थापी काढून पाहिली. ती कोरडी होती, कोळ्यानं तिच्यावर जाळं केलं होतं. मी दारात उभा. त्यांनी थापी परत खुंटीला लावली आणि एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यात खरडून टाकू."

उन्हाळ्यात ते फादरकडे गेले, मी सोबत होतो. "फादर, उत्तरेची भिंत खरडा लागते." फादर हसले. "सायमन, तीस वर्षांत पहिल्यांदा ती भिंत कोरडी दिसते आहे. बिशपनी तारीफ केली. का खरडायची?" का ते सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागत होतं. ते घ्यायला मी तिथंच होतो, मलाही तोंड होतं. आम्ही दोघंही परत आलो.

भिंत पहिल्या पावसाळ्यात उभी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात फुगली. गाभण म्हशीसारखं पोट आलं तिला. दोन भादव्यांतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. एका दुपारी, जिनाचा जेवणाचा भोंगा होऊन गेल्यावर, गोटे भरलेली बंडी उलटावी तसा आवाज आला. आम्ही धावलो. भिंतीचा मधला भाग बायांच्या बाकांवर पडला होता. रविवार असता तर माणसं मेली असती. एक कोंबडी तेवढी मेली. दगडांमधला चुना चिखल झाला होता, हातात घेतला तर बोटांतून गळत होता. आणि त्या ढिगावर माझं सिमेंट फरशीच्या तुकड्यांसारखं पडलं होतं, शाबूत, एका बाजूनं पांढरं.

कोणीतरी घंटा वाजवली होती, ती ऐकून माणसं यायला लागली. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "त्या खपल्या उचल. नाल्यात टाक. आत्ता जाय." मी टोपल्यात भरून नेल्या. तीन खेपा केल्या. लोकांना वाटलं, पोरगं मलबा काढून राह्यलं. एका बाईनं मला पाणीही दिलं.

संध्याकाळी कडुनिंबाखाली पंच बसले. पंचांतल्या एका शाळामास्तरानं तो चिखल मुठीत आणला होता. तो म्हणाला, "सायमन, हा चुना आहे का शेण आहे? कच्चा होता ना?"

बाबा म्हणाले, "काम माहं होतं."

"कच्चा होता का, ते सांगा."

"काम माहं होतं."

आमच्या धंद्यात असंच असतं, भिंत उस्तादाच्या नावावर. शिकाऊ माणसाचं नाव भिंतीला लागत नाही, चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही. मी त्या रीतीच्या आड उभा होतो. मार्था घराच्या दारात होती, तांब्या घेऊन, पंचांसाठी पाणी आणलेलं. ती बापाकडे पाहत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, पाहायचं काही कारणच नव्हतं तिला. मास्तरानं त्याच आठवड्यात वहीत ओळ लिहिली: "उत्तरेची भिंत सायमन गवंडी याच्या कच्च्या चुन्यामुळे पडली, ती वर्ध्याच्या ठेकेदाराकडून नवी बांधण्यात आली." गिरज्याचं काम बाबांकडून गेलं. घाणीचा बैल विकला. मग ते पोळा-दिवाळीला लोकांची घरं चुन्यानं पोतायचे.

मार्थाचं आणि माझं लग्न भिंत पडायच्या आधीच ठरत आलं होतं. मला वाटलं, आता बाबा मोडतील. त्यांनी मोडलं नाही. लग्नाच्या चार दिवस आधी आम्ही दोघं कोणाच्या तरी घराला चुना मारत होतो, तेव्हा मी हिंमत केली. "बाबा, तुमी पंचाईले काऊन नाई सांगितलं?"

ते निवळी ढवळत होते. म्हणाले, "तुले अजून चाळीस वर्षं भिंती बांधाच्या आहेत. माह्या बांधून झाल्या." मग म्हणाले, "मार्थाले सांगजो नको. तिले तुयासोबत राहाचं आहे."

मी ते ऐकलं. बापाची आज्ञा म्हणून नाही ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

नवीन भिंत विटा-सिमेंटची आहे, ती उभी आहे. बाबा गेले, मग मावशी गेली. मला कामं मिळत गेली, घरं बांधली, दोन पोरं मोठी केली. आणि दरवर्षी सणाला आम्ही गिरज्यात जायचो, मी पुरुषांच्या बाजूला, मार्था बायांच्या बाजूला, आणि वाचणारा त्या ओळीवर यायचा. बाहेर मटण शिजत असायचं. माणसं घड्याळ पाहायची, लेकरं बाकाखाली रांगायची. अख्ख्या गिरज्यात ती ओळ ऐकणारी दोनच माणसं होती. मी जमिनीकडे पाहायचो. ती पदर नीट करायची. तेवढी ओळ होईपर्यंत पदर खांद्यावर राहतच नसे तिचा.

एकदाच तिनं विचारलं. पोरं लहान होती, एकाला मी खांद्यावर घेतलं होतं, सणाहून घरी येत होतो. ती म्हणाली, "अवो, बाबाचा चुना खरंच कच्चा होता का?"

मी म्हटलं, "मले का मालूम."

मग म्हणाली, "जाताना मीच फिरवला होता तो. घाई होती, बाबाले बंडीत टाकलं होतं. माह्याच हातानं कमी फिरला असन."

खांद्यावरचं पोरगं झोपलं होतं. मी त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसं जवळ येतात, सगळं बोलतात. आम्ही जवळच होतो. पण हे नाही बोललो. रोज वाटायचं, उद्या सांगू, आता काय घाई आहे. तिच्या मनात ते तसंच होतं की विसरली होती, हेही मला माहीत नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

बुधवारी संध्याकाळी तिला माती दिली. सगळे आले होते, जिनातले जुने, शेजारचे हिंदू घरवाले, पोरांचे मित्र. मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. माझ्या मागं दोन माणसं उभी होती, चाळिशीतली, चांगल्या घरची, वाईट मनाची अजिबात नाहीत. एक दुसऱ्याला हळूच विचारत होता, "ही कोण होती गा? नाव ऐकल्यासारखं वाटते."

दुसरा म्हणाला, "अरे, तो सायमन नाई का वहीतला. कच्च्या चुन्यावाला. त्याची पोरगी."

"हो हो," पहिला म्हणाला. त्याला पटकन ओळख पटली.

खड्डा भरेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. मागं वळून त्यांना सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. घरी आलो, सुनेनं वरण-भात वाढला, खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा व्हायच्या आत मी गिरज्यात गेलो. आताचे फादर तरुण आहेत, केरळचे, मराठी पुस्तकातली बोलतात. मला पाहून घाबरले. म्हणाले, "काका, तुम्ही आज घरी विश्रांती घ्यायला हवी."

मी म्हटलं, "वही काढा."

"कोणती वही?"

"सणाची. लाल."

त्यांनी कपाट उघडलं, वही काढली, मेजावर ठेवली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी मास्तराची ओळ शोधली. खोडली नाही, वहीत खोडायची रीत नाही. समासात जागा होती. फादरकडून पेन मागितला आणि तिथं लिहिलं. फादर माझ्या खांद्यावरून वाचत होते. लिहिलं ते असं:

"भिंत सायमनबाबाच्या चुन्यानं पडली नाही. त्यांना न विचारता मी सिमेंट लावलं, त्यानं पडली. मोठ्या खड्ड्यातला चुना मार्थानं नीट फिरवला होता. तो चांगला होता."

फादरनी विचारलं, "हे सणाला सर्वांसमोर वाचायचं आहे?"

मी म्हटलं, "हो. मटणाआधी." आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.